मूल एकटं शाळेत जाईल असं शहर

(पुण्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

डेन्मार्कच्या वाहतूक कायद्यात एक छोटं कलम आहे. शाळेत जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांना मोटारींपासून सुरक्षित ठेवण्याचे उपाय पोलिसांनी आणि रस्त्यांची जबाबदारी असलेल्या यंत्रणेनं शाळांशी बोलून करावेत, असं त्यात म्हटलंय. मुलांना रस्त्यावर जपून जायला शिकवणं हे सगळीकडेच करतात. इथे मात्र रस्ताच मुलांना जपेल असा करण्याचं काम मोठ्यांच्या गळ्यात घातलेलं आहे. आज कोपनहेगनमधल्या आमच्या रोजच्या जगण्याबद्दल बोलायचंय, आणि त्यातलं जवळजवळ सगळं या कलमापाशी येऊन ठेपतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

सायकलींचं शहर म्हणून कोपनहेगनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१८ च्या महापालिकेच्या सायकल-अहवालात म्हटलं होतं की, शहरात राहणाऱ्यांच्या शहरातल्याच कामा-शिक्षणासाठीच्या फेऱ्यांपैकी ६२ टक्के सायकलवरून होतात. त्याआधी २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या सायकलींची संख्या मोटारींपेक्षा जास्त भरली. आकडे मोठे आहेत. पण ते ऐकून आपल्याकडे लोक लगेच म्हणतात, ‘त्यांचं काय, ते लोकच तसे! शिस्तीचे, पर्यावरणाची काळजी करणारे.’ हे मला अजिबात पटत नाही. तिथल्या लोकांना सायकल का चालवता असं विचारलं, तर बहुतेक जण सांगतात की लवकर पोचतो आणि सोपं पडतं. पर्यावरणाचं कारण यादीत बरंच खाली येतं. सोपं पडतं म्हणून लोक करतात. तेव्हा प्रश्न असा की, सोपं कुणी केलं आणि कधी?

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली घटल्या. जुन्या शहराच्या कडेनं तळ्यांची एक रांग आहे. त्या तळ्यांच्या काठून मोठा जलदगती रस्ता न्यायचा बेत साठच्या दशकात गंभीरपणे आखला गेला होता. आणि १९७० च्या सुमारास रस्त्यावरच्या अपघातांत मुलं दगावण्याचं प्रमाण पश्चिम युरोपात सर्वांत जास्त असलेल्या देशांमध्ये डेन्मार्क होता. हे मी मुद्दाम सांगतेय. आज जिथे बारा वर्षांचं पोर सायकलवर पाठीला दप्तर लावून एकटं निघतं, तिथे पन्नास वर्षांपूर्वी आई-बापांना आपल्यासारखीच धास्ती होती. त्यातूनच ओडेन्से नावाच्या शहरात शाळेच्या वाटा सुरक्षित करण्याचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाला. मुलं कोणत्या चौकात घाबरतात, कुठे अपघात होतात हे आधी शोधायचं आणि मग तिथे वेग कमी करायचा, वाट वेगळी काढायची. ही पद्धत पुढे जगभर गेली.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. डेन्मार्कची ऊर्जा जवळपास सगळीच आयात तेलावर चालत होती. त्या नोव्हेंबरपासून काही महिने रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी होती. मोकळ्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले, स्केट्स घालून उतरले. तळ्यांकाठचा तो रस्ता सत्तरीच्या सुरुवातीलाच बारगळला होता. आणि त्या दशकात हजारोंच्या संख्येनं लोक सायकली घेऊन टाउन हॉलच्या चौकात जमत राहिले, आम्हाला सुरक्षित वाट द्या म्हणून. डॅनिश सायकलस्वारांची संघटना १९०५ पासूनची आहे, तिनं हा प्रश्न लावून धरला. सांगायचा मुद्दा असा की, ती वाट मागावी लागली, आणि मागणाऱ्यांत लहान मुलांचे आई-बाप होते.

आता ती वाट कशी आहे ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळं मर्म तिथे आहे. फूटपाथ असतो. त्याच्या खाली एक पायरी उतरून सायकलींची वाट. तिच्याखाली आणखी एक पायरी उतरून मोटारींचा रस्ता. म्हणजे तीन पातळ्या. मधे दगडाचा कर्ब असतो, काही इंच उंचीचा. नुसता पांढरा पट्टा मारून ठेवला असता तर त्यावर मोटार चढली असती. कर्बवर मोटार चुकून चढत नाही. रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करायच्या असतील तर त्या कर्बच्या बाहेर, म्हणजे सायकलवाला आणि वाहती रहदारी यांच्या मधे उभ्या राहतात. वाट रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि एकेरी असते, रुंदी साधारण सव्वादोन-अडीच मीटर, म्हणजे एक जण जात असताना दुसरा डावीकडून पुढे काढतो. चौकात मोठ्या निळ्या पट्ट्यांनी सायकलचा मार्ग रंगवलेला असतो. मोटारींची थांबण्याची रेघ सायकलींच्या रेघेच्या बरीच मागे, म्हणजे ट्रकवाल्याला समोर उभं असलेलं पोर दिसतं. कित्येक सिग्नलांवर सायकलींना हिरवा दिवा काही सेकंद आधी मिळतो. नॉरेब्रो भागातल्या मोठ्या रस्त्यावर तर ताशी वीस किलोमीटरनं गेलात तर सकाळी शहराकडे जाताना एकामागून एक सिग्नल हिरवे मिळत जातात.

डावीकडे वळण्याचा नियम नव्या माणसाला आधी शिकावा लागतो. तिथे रहदारी उजवीकडून चालते, त्यामुळे डावं वळण म्हणजे आपल्याकडचं उजवं. सायकलनं चौकाच्या मधून तिरकं कापायचं नाही. आधी सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे थांबायचं, मग वळायचं. थांबण्यापूर्वी हात वर करायचा, वळण्यापूर्वी त्या बाजूचा हात काढायचा. हे सगळं आमच्या शेजारणीनं एका रविवारी दुपारी आम्हाला प्रत्यक्ष करून दाखवलं, आणि त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

आमचं बिऱ्हाड अमागर बेटावर आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलो. आयटी, औषधं आणि जहाजवाहतूक या क्षेत्रांत बरीच मराठी कुटुंबं तिकडे आली आहेत. ओळखक्रमांक, डॉक्टर, बँक हे सोपस्कार जमले की पुढची गोष्ट पाळणाघर. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचं पाळणाघर, मग सहाव्या वर्षापर्यंत बालवाडी. खर्चातला जास्तीत जास्त पंचवीस टक्के भाग पालकांकडून घेतात, बाकी महापालिका उचलते. आमचा धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता. पाळणाघर संध्याकाळी पाचला बंद होतं, आणि म्हणून चार वाजले की ऑफिसातले बाप उठून निघतात. कुणाला त्याचं नवल वाटत नाही. मला हे फार आवडलं.

दोन मुलांना नेण्यासाठी आम्ही जुनी कार्गो बाइक घेतली. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर लाकडी पेटी, पेटीत बाकडं आणि पट्टे, वर पावसाचं छत. हा प्रकार १९८४ मध्ये क्रिस्टियानिया वस्तीतल्या एका लोहारानं आपल्या जोडीदारासाठी बनवला, तिथून तो शहरभर झाला. आमच्या पेटीतून मुलं गेली, वेस्टरब्रोतल्या दुकानातून दहा किलोची कणीक आणि तूरडाळ आली, आणि दर भाद्रपदात गणपतीही येतो. ओळखीचं कुणी ना कुणी पुण्याहून शाडूची मूर्ती विमानात मांडीवर घेऊन येतं. मेट्रोच्या स्टेशनापासून घरापर्यंत ती पेटीतून, दोन्ही मुलं दोन बाजूंनी धरून. रस्त्यातले लोक थांबून नमस्कार करत नाहीत, पण वाट नक्की देतात.

माझी आई तिकडे आली तेव्हा सत्तरीच्या जवळ होती. तिच्या कॉलेजच्या दिवसांत पुणं सायकलींचं शहर होतं, हे इथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. पाचवारी नेसून ती नारायण पेठेतून कॉलेजला सायकलनं जायची. नंतर रस्ते बदलले, सायकल सुटली, आणि घरात सगळ्यांनी धरून चाललं की वय झालं म्हणून सुटली. कोपनहेगनला तिसऱ्या दिवशी तिनं शेजारणीची सायकल मागून घेतली आणि तळ्यापर्यंत जाऊन आली. वय तेच, गुडघे तेच. फक्त शेजारून बस जात नव्हती. त्या दिवशी मला आपल्या शहराबद्दल जेवढं वाईट वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं.

हिवाळ्याबद्दल सगळेच विचारतात. बर्फाचा त्रास कमी असतो. बर्फ पडला की सायकलींच्या मुख्य वाटा पहाटेच साफ करून मिठाचं पाणी मारतात. खरा कस वारा आणि पाऊस पाहतात. नोव्हेंबरात समोरून वारा, आडवा पाऊस, आणि डिसेंबरात साडेआठनंतर उजाडून पावणेचारच्या आत अंधार. त्यासाठी दोन गोष्टींवर पैसे खर्च करावेत: अंगभर रेनसूट आणि चांगले दिवे. पुढे पांढरा, मागे लाल. दिवे नसतील तर पोलीस दंड करतात आणि ते योग्यच आहे. मुलांना पाळणाघरात एकसंध जाड पोशाख घालून रोज बाहेर काढतात, कोणत्याही हवेत, त्यामुळे ती आपल्याआधी सरावतात. मिठानं साखळी गंजते, तिला दर आठवड्याला तेल द्यावं लागतं. सायकली चोरीलाही खूप जातात. फ्रेमवरचा क्रमांक लिहून ठेवा आणि विम्याला मान्य असलेलंच कुलूप घ्या.

सगळं सुरळीत आहे असं नाही. उजवीकडे वळणाऱ्या ट्रकखाली सरळ जाणारा सायकलवाला सापडणं, हे तिथलं सर्वांत भीषण संकट, आणि ते अजून संपलेलं नाही. शिवाय ज्या स्त्रिया मोठेपणी परदेशातून येतात, त्यांतल्या अनेकींना सायकल कधी चालवायलाच मिळालेली नसते. त्यांच्यासाठी डॅनिश रेडक्रॉसचे स्वयंसेवक वर्ग घेतात. मी तिथे मदतीला जाते. चाळिशीतली बाई पहिल्यांदा दोन्ही पाय उचलते, तेव्हा तिचं शहर एकदम मोठं होतं. मग दवाखाना, भाषेचा वर्ग, मैत्रिणीचं घर यांसाठी तिला कुणाची वाट पाहावी लागत नाही.

आणि आता मुलं. दोन वर्षांचं मूल बिनपेडलच्या सायकलवर पायानं ढकलत जातं. तोल तिथेच येतो, बाजूच्या चाकांची गरज फारशी पडत नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला किमान पंधरा वर्षांच्या माणसाशिवाय सायकल चालवायला कायद्यानं परवानगी नाही. मोठ्यानं मुलाच्या किंचित मागे आणि डावीकडे राहायचं, म्हणजे त्याच्या आणि पुढे काढणाऱ्यांच्या मधे. मी माझ्या मुलीच्या मागून अशी कित्येक वर्षं गेले. सुरुवातीला तिच्या पाठीवर हात, मग फक्त आवाज, मग फक्त नजर. साधारण दहा-बारा वर्षांच्या आत एकटं सोडू नका असं तिथले वाहतूक-सुरक्षेचे लोक सांगतात. पाचवीत असताना तिनं एकटीनं जायचं ठरलं. शाळेपर्यंत दोन मोठे चौक. मी आधी रात्रभर त्या चौकांचा विचार केला, आणि विचार करताना लक्षात आलं की, मला भरवसा मुलीपेक्षा त्या कर्बचा, त्या मागे सरकवलेल्या रेघेचा आणि त्या काही सेकंदांच्या हिरव्या दिव्याचा वाटतोय. ज्या अनोळखी लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी चौकात जमून ती वाट मागितली, त्यांच्या हाती मी माझी मुलगी सोपवत होते.

त्यानंतर आमच्या घरातलं चित्रच बदललं. पोहण्याचा वर्ग, वाचनालय, मैत्रिणीचा वाढदिवस, सगळीकडे ती आपली आपण जाते. शनिवारी मला मुलांना इकडून तिकडे पोचवत बसावं लागत नाही. आणि ती मला विचारत नाही, सांगते, ‘मी जाऊन येते.’ माझ्या आईच्या लहानपणी पुण्यात मुली असंच सांगून निघायच्या.

आता ती सहावीत आहे. या इयत्तेत शाळेत सायकलची परीक्षा होते. १९४७ पासून तिथे ही प्रथा चालू आहे. मुलांच्या सायकली आधी तपासतात: ब्रेक, घंटी, दिवे, परावर्तक. मग पाठीवर क्रमांक लावून मुलं शाळेभोवतीच्या खऱ्या रस्त्यांवर ठरलेला मार्ग एकेकटी पार करतात, आणि चौकाचौकांत उभे असलेले मोठे लोक त्यांनी हात दाखवला का, मागे पाहिलं का, डावं वळण नीट घेतलं का याची नोंद करतात. पोलीस असतात, शिक्षक असतात, पालकही लागतात. येत्या वसंतात मुलीची परीक्षा आहे, आणि दुसऱ्या मोठ्या चौकात उभं राहायला मी नाव दिलंय. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊया.