टेक्सासचं तेल मोजतं रेल्वे कमिशन!

नमस्कार मंडळी. आधी हा आलेख बघा.

(स्क्रीनवर: टेक्सासचं दरमहा तेल उत्पादन)

रेष चढतेय, चढतेय, आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत धाडकन खाली. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, संपलं, टेक्सास आटलं. एका मित्राला फोन करून तसं सांगूनही टाकलं. सहा महिन्यांनी तोच आलेख पुन्हा काढला, तर जुनी पडझड गायब आणि नवी पडझड पुन्हा शेवटालाच! तेल आटलं नव्हतं, कागद यायचे होते. मित्र अजून चिडवतो.

टेक्सासात तेलाचा हिशोब घेणाऱ्या खात्याचं नाव आहे रेलरोड कमिशन. 1891 साली ते रेल्वेसाठी स्थापन झालं. रेल्वेचं उरलंसुरलं काम 2005 मध्ये दुसऱ्या खात्याकडे गेलं, पाटी तीच राहिली. प्रत्येक कंपनीनं या महिन्याचं उत्पादन पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत कळवायचं, असा नियम. पण कुणी उशिरा भरतं, कुणी दुरुस्ती पाठवतं, कुणाच्या नव्या विहिरीला अजून नंबरच मिळालेला नसतो. त्यामुळे ताजा आकडा कायम अपुरा. अमेरिकेचं केंद्रीय ऊर्जा माहिती खातं म्हणूनच या कागदांची वाट बघत बसत नाही. ते कंपन्यांना थेट विचारून अंदाज बांधतं. गॅससाठी 2005 पासून, तेलासाठी 2015 पासून.

आता खरी गंमत. टेक्सासात तेलाचा आकडा विहिरीगणिक मिळत नाही, लीजगणिक मिळतो. लीज म्हणजे करारानं घेतलेला जमिनीचा तुकडा, त्यावर एक विहीर असेल किंवा वीस. गावाकडच्या मंडळींना हे लगेच कळेल. गोठ्यात पाच म्हशी, सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये, डेअरीवर मोजतात तो कॅन. तिसऱ्या म्हशीनं किती दिलं? डेअरीच्या वहीत ते नाही. तिथंही तसंच, सगळ्या विहिरींचं तेल एका टाकीत येतं आणि टाकीपाशी मोजलं जातं. गॅस काही टाकीत भरून ठेवता येत नाही, म्हणून गॅसच्या विहिरीचा आकडा मात्र सुटा. मग बाजारात 'टेक्सासची ही विहीर रोज इतकी बॅरल देते' असे तक्ते विकले जातात ते कुठून येतात? अधूनमधून एकेक विहीर वेगळी चालवून चाचणी घेतात, त्या प्रमाणात टाकीचा आकडा वाटून टाकतात. म्हणजे तो हिशोबानं काढलेला आकडा आहे, मोजलेला नाही. हे छापणारे क्वचितच सांगतात आणि मला याचा राग येतो.

शेजारच्या नॉर्थ डकोटात, शेजार अमेरिकेच्या हिशोबानं हं, विहिरीगणिक आकडा मिळतो. पण कंपनीनं मागितलं तर नवी विहीर सहा महिने गुप्त ठेवता येते.

रेल्वेवाल्यांना तेलाचा इतका काटेकोर हिशोब ठेवायची गरज काय होती? एका विहिरीवर चार भावांनी चार मोटारी बसवल्या तर काय होतं? जो थांबेल तो मूर्ख. ऑक्टोबर 1930 मध्ये पूर्व टेक्सासात 'डॅड' जॉयनर नावाच्या म्हाताऱ्याच्या विहिरीला तेल लागलं आणि नेमकं हेच झालं. खाली साठा एक, वर मालक शेकडो, जो तो उपसतोय. बॅरलचा भाव 10 सेंटपर्यंत कोसळला. कमिशननं कोटा ठरवून दिला, लोकांनी तो मोडला. कोट्याबाहेरच्या तेलाला नाव पडलं 'हॉट ऑइल'. ऑगस्ट 1931 मध्ये गव्हर्नर रॉस स्टर्लिंगनं चक्क नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, पाठवलं. हे गव्हर्नर आधी एका मोठ्या तेल कंपनीचे अध्यक्ष होते, ही आपली सहज जाता जाता माहिती. 1935 मध्ये असं चोरटं तेल राज्याबाहेर नेण्यावर केंद्रानं बंदी घातली. तर टेक्सासच्या या फॉर्मांमागे ही चोरी पकडायची गरज आहे. कोण किती उपसतंय हेच तिथं विचारायचं होतं.

गॅसचं तर विचारूच नका. गॅस दाबला की आकसतो, म्हणून 'एक घनफूट' म्हणताना कोणत्या दाबाला ते सांगावं लागतं. टेक्सास धरतं 14.65 पीएसआय (दर चौरस इंचावर किती पौंड दाब, ते माप), शेजारचं लुइझियाना 15.025. हेन्सव्हिल नावाचा गॅसचा पट्टा या दोन्ही राज्यांत पसरलाय. टेक्सासच्या वहीत 1000 घनफूट भरेल तोच गॅस लुइझियानाच्या वहीत साधारण 975 भरतो. गळती नाही, चोरी नाही. दोन राज्यांचे आकडे नुसते बेरजेला घेतले की तुमचं गणित चुकलं.

अमेरिकेतल्याच पेन्सिल्व्हेनियात शेल गॅसच्या, म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या गॅसच्या, विहिरींचा दरमहा हिशोब 2015 पासून सुरू झाला, जुन्या पद्धतीच्या विहिरींचा अजून वर्षातून एकदा. नॉर्वेत समुद्रतळाखालच्या तेलाचा मालक सरकार. तिथं प्रत्येक क्षेत्राचे दरमहाचे आकडे, तेल, गॅस, कंडेन्सेट (गॅसबरोबर येणारं हलकं द्रव तेल) वेगवेगळे, घरबसल्या उतरवून घेता येतात. सगळं घनमीटरमध्ये. आणि ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या मासिक अहवालात एकाच देशाचे दोन आकडे असतात, एक देशानं स्वतः सांगितलेला, दुसरा बाहेरच्या संस्थांनी काढलेला. कोटा पाळला की नाही हे बघताना दुसरा धरतात. सभासदांवर किती विश्वास आहे ते यात आलं!

आपल्याकडे काय? आपलं पेट्रोलियम मंत्रालय कच्चं तेल टनात सांगतं. बॅरल हे माप आकारमानाचं, 159 लिटर, टन वजनाचा. सरासरीनं टनाला 7.33 बॅरल धरतात. पण तेल हलकं असेल तर टनात जास्त बॅरल बसतात, जड असेल तर कमी. बॉम्बे हायचं तेल हलकं, राजस्थानातल्या मंगला क्षेत्राचं त्याहून जड आणि मेणचट. दोन्हींना एकच गुणक लावून व्हॉट्सॲपवर तक्ते फिरवणाऱ्यांनो, जरा थांबा.

शेवटचं एक, कारण कमेंटमध्ये हे कुणीतरी विचारणारच. बॉम्बे हाय 1974 मध्ये सापडलं, 1976 पासून तिथून तेल येतंय, मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर. पण राज्यवार तक्त्यात आसाम, गुजरात, राजस्थान सापडतील, महाराष्ट्राच्या नावावर हे तेल सापडणार नाही. ते जातं 'ऑफशोअर' या रकान्यात. त्या समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी केंद्राला मिळते, जमिनीवरच्या तेलाची राज्याला. ज्याला पैसे मिळत नाहीत त्याच्या नावाचा रकाना कोण कशाला पाडेल?