एमबीतलं शेततळं आणि चार वर्षांची मुदत

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय: ‘लेखापरीक्षण, चौकशी आणि जबाबदारी’. त्याकडं येतोच. आधी एक शेततळं मोजू. समोर बीड-जालन्याकडची माणसं दिसतायत, म्हणजे शेततळं समजावून सांगायची गरज नाही.

३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. पटकन गुणाकार केला तर २,७०० घनमीटर. पण काठ सरळ तोडले तर पहिल्याच पावसात ढासळतात, म्हणून १:१ उतार देतात, म्हणजे जेवढं खाली तेवढंच आत. तळ उरतो २४ बाय २४ आणि मधला छेद २७ बाय २७. वरचं क्षेत्र ९००, तळाचं ५७६, मधल्याची चौपट २,९१६. बेरजेला सहानं भागा, खोलीच्या तीननं गुणा. खरी खोदाई २,१९६. फरक ५०४ घनमीटरचा. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे आपल्या एमबीत, उताराची नोंदच नसली की न खोदलेल्या मातीचं बिल निघतं. विचारलं तर ‘गणिती चूक’. ही चूक ठेकेदाराच्या तोट्याची झालेली कुणी पाहिली असेल तर हात वर करा. कुणीच नाही? बरं.

दुसरी गोम थरांची. आपल्याकडं वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. खडकाचा दर सगळ्यात जास्त, त्यामुळं मुरूम एमबीत आला की कडक होतो. कुठल्या खोलीवर थर बदलला याची नोंद नाही, फोटो नाहीत. अशा वेळी तपासणाऱ्यानं आधी बांधाकडं बघावं: एवढा खडक फोडला, तर दगड गेले कुठं? खोली कमी भरली की ‘गाळ बसलाय साहेब’ हे ठरलेलं उत्तर. त्यावर उपाय एकच. तळात दोन-तीन जागी खड्डा घ्यायचा आणि मूळ थर लागेपर्यंत खाली जायचं.

एवढं करून लेखापरीक्षक अर्धसमास काढतो. पानाच्या एका बाजूला आक्षेप, दुसरी बाजू खुलाशासाठी कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ‘अभिलेख उपलब्ध करून देण्यात येतील’ हे पीक बारमाही येतं, दुष्काळातसुद्धा. खुलासा पटला नाही की आक्षेपाचा अहवालात परिच्छेद होतो आणि अनुपालनाची, म्हणजे त्यावर काय केलं या उत्तराची, वाट बघत पडतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता उरकतो.

चोरी पकडली जाते, माझं म्हणणं त्यापुढचं आहे. पकडलेली चोरी जुनी होऊ दिली जाते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधला नियम २७ बघा. माणूस निवृत्त झाल्यावर विभागीय चौकशी सुरू करायची तर शासनाची मंजुरी लागते, आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. चौकशीची सुरुवात धरतात दोषारोपपत्र दिलं त्या तारखेपासून, आधी निलंबन असेल तर निलंबनापासून. प्राथमिक चौकशीत गेलेली वर्षं या चार वर्षांतून वजा होत नाहीत, वायाच जातात. दोषारोपपत्र निघालं तरी कागदपत्रांच्या जोडपत्रात झेरॉक्स असते. मूळ एमबी ‘शोध सुरू आहे’. पोलीस तपासाची वाट धरली तर २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १७अ आडवं येतं: पदाच्या अधिकारात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायला आधी परवानगी.

वरच्या पातळीवरही हेच. कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ प्रमाणं राज्यपालांमार्फत विधिमंडळात, तिथून लोकलेखा समितीकडं. जिल्हा परिषदेचा विषय पंचायत राज समितीकडं. जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेवर ९,६०० कोटींच्या वर खर्च होऊनही भूजल वाढायला फारसा उपयोग झाला नाही, हे कॅगनं २०२० मध्ये लिहिलं. तोवर योजना संपलेली होती.

तेव्हा माहिती अधिकारात ‘कारवाई काय केली’ विचारू नका. वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. एमबीची पानं आणि परिच्छेदाचं अनुपालन मागा. त्याच कायद्याच्या कलम २ प्रमाणं कामाची पाहणी करायचाही हक्क आहे, तोही अर्जात लिहा. जाताना टेप घ्या, आणि मे महिन्यात जा. पाणी असलं की खोली मोजता येत नाही.