घरी गेलेल्या रुग्णाची नोंद

पक्षाघातातून बचावलेला माणूस धुळ्याच्या किंवा जळगावच्या रुग्णालयातून घरी जातो, तेव्हा त्याचा केसपेपर बंद होतो. चालणे, जेवणे, कपडे घालणे मात्र त्याला तिथून पुढे पुन्हा शिकायचे असते. पुढच्या सहा महिन्यांत तो किती सावरला, याची नोंद बहुधा कुठेच राहत नाही. पुनर्वसन वैद्यकातील संशोधनाला खरी सुरुवात इथूनच करावी लागेल.

नोंदीचे मोल ‘अटेंड’ या चाचणीने दाखवले. भारतातील १४ रुग्णालयांमधील पक्षाघाताच्या १२५० रुग्णांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नातेवाइकांना व्यायाम शिकवले तर रुग्ण अधिक स्वावलंबी होतील, ही अपेक्षा कोणालाही पटावी अशीच होती. पण सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण, नातेवाइकांना शिकवलेला गट आणि नेहमीचेच उपचार मिळालेला गट, अशा दोन्ही गटांत ४७ टक्केच निघाले. हे मोजले नसते, तर तीच योजना सद्‌भावनेने जिल्ह्याजिल्ह्यांत राबवली गेली असती.

मोजायचे कशाने, हा प्रश्न खानदेशात अधिक अवघड आहे. रुग्ण रोजच्या क्रियांत किती स्वावलंबी आहे हे गुणांत मोजणाऱ्या, १९६५ पासून वापरात असलेल्या बार्थेल निर्देशांकात दहा क्रिया आहेत. त्यांत पलंगावरून खुर्चीत बसणे आणि जिना चढणे यांनाही गुण आहेत. घरात खुर्ची नाही, जिना नाही, अशा बाईला उकिडवे बसता येते का, चुलीपुढून आधाराशिवाय उठता येते का, पाण्याचा हंडा उचलता येतो का, हे अहिराणीत, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी-भिलीत विचारावे लागेल. शिवाय दोन वेगळ्या परीक्षकांनी तोच रुग्ण तपासला तर गुण सारखे येतात का, हेही पाहावे लागेल. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तरुण वयातच चालणे अवघड होऊ शकते, आणि अशा रुग्णासाठी तर उकिडवे बसणे हीच खरी कसोटी असते.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या फिजिओथेरपिस्टला रुग्णसेवेबाहेरचा ठरलेला वेळ आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्याची साथ मिळायला हवी. घरी जाताना आणि तीन महिन्यांनी एकाच पद्धतीने गुण लिहिले गेले, दुसरी नोंद आशा सेविकेच्या गृहभेटीत झाली, आणि तिन्ही जिल्ह्यांच्या नोंदी एकत्र आल्या, तर खानदेशातील रुग्णांविषयीचे प्रश्न खानदेशातच अभ्यासता येतील.