लवंगेचे तेल: थेंबाने मोजायचे औषध

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाचा चटका वाढू लागला की सोलापुरातल्या घराघरांत वर्षाच्या काळ्या मसाल्याची तयारी सुरू होते, आणि डबे घेऊन डंकावर उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेजवळून जाताना धने, खोबरे, दगडफूल या सगळ्यांच्या वासातूनही लवंगेचा वास वेगळा ओळखू येतो. हा वास म्हणजे लवंगेतून उडून चाललेले तेलच होय. भाजताना आणि कुटताना जे थोडेसे निसटते, तेच पाण्याच्या वाफेबरोबर उडवून, वाफ थंड करून बाटलीत भरले की ते लवंगेचे तेल होते. या तेलाचा आपल्याकडे सर्वांत जास्त वापर दाढदुखीवर होतो, म्हणून आज मुख्यतः त्याविषयीच बोलणार आहे.

लवंग ही न उमललेल्या फुलाची कळी आहे. जांभूळ, पेरू आणि निलगिरी यांच्या कुळातले हे झाड मूळचे इंडोनेशियातील मोलुक्कस बेटांवरचे असून आपल्या देशात ते केरळ, कर्नाटक आणि कन्याकुमारीच्या बाजूला होते. हिरवी कळी गुलाबी होऊ लागली की उमलण्याआधीच ती खुडतात आणि उन्हात वाळवतात. वाळल्यावर तिचे वजन जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते. अशा वाळलेल्या 100 ग्रॅम लवंगांमध्ये 15 ते 20 ग्रॅम तेल असते. मसाल्याच्या पदार्थांत इतके तेल फार थोड्यांकडे आहे, आणि नेमक्या याच कारणाने तेल काढून घेतलेल्या कोरड्या लवंगा चांगल्या मालात मिसळून विकल्या जातात. घेताना लवंगेच्या देठात नख रुतवून पाहावे, चांगली लवंग असेल तर नखाला तेलाची ओल लागते. पाण्यात टाकल्यास चांगली लवंग खाली बसते आणि तेल काढलेली वर तरंगते.

या तेलाचा 70 ते 90 टक्के भाग युजेनॉल नावाच्या एकाच द्रव्याचा असतो. (लवंगेच्या झाडाचे जुने शास्त्रीय नाव युजेनिया, ते युरोपातील युजीन नावाच्या एका सेनानी राजपुत्राच्या सन्मानार्थ ठेवलेले, त्यामुळे आपल्या दाढेवरच्या औषधालाही त्या सेनानीचे नाव चिकटले आहे.) मिरची खाल्ल्यावर तोंडातल्या ज्या संवेदनाग्राहींमुळे आपल्याला आग झाल्यासारखे वाटते, युजेनॉल त्यांनाच जाऊन भिडते, म्हणून तेल लावताच प्रथम चुणचुणते, मग ऊब वाटते आणि थोड्या वेळाने ती जागा बधिर होते. मज्जातंतूंमधून वेदनेचा निरोप पुढे जाण्यासाठी सोडियमचे कण ज्या वाटांनी आत यावे लागतात, त्या वाटाही युजेनॉल अडवते. कुवेतमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हिरडीला सुई टोचण्यापूर्वी लवंगेचा लेप आणि दंतवैद्य हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात ते बेन्झोकेन यांची तुलना केली असता दोहोंचा परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. दंतवैद्यांना हे द्रव्य नवीन नाही, कारण दाढेत तात्पुरती भरण्यासाठी जो पांढरट लगदा ते कालवतात तो पुष्कळदा झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचाच असतो, आणि दवाखान्यात शिरताच येणारा तो ओळखीचा वास त्याचाच.

घोटाळा होतो तो नावामुळे. घरी खोबरेल तेलात लवंगा तापवून गाळलेल्या तेलालाही आपण लवंगेचे तेल म्हणतो आणि दुकानातून आणलेल्या 10 मिलीच्या अर्काच्या बाटलीलाही. पहिले बोटाने हिरडीवर चोळले तरी सहसा काही बिघडत नाही. दुसरे तसे चोळले तर हिरडी भाजते. बाटलीत यांपैकी काय आहे हे ओळखायचे असेल तर एक थेंब काचेच्या पेल्यातील पाण्यात सोडावा. लवंगेचा अर्क पाण्यापेक्षा जड असतो. थेंब क्षणभर पृष्ठभागावर अडकतो, पण चमच्याने हलवल्यावर गोळीसारखा तळाशी जाऊन बसतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल असेल, तर कितीही हलवले तरी वरच येते.

हा फरक वर्गात शिकवणाऱ्या माणसानेच एका रात्री ऐन वेळी दुर्लक्षिला, हे कबूल करायला हवे. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, तरी दाढ ठणकू लागल्यावर रात्री दोन वाजता मी निव्वळ अर्कात भिजवलेला कापसाचा बोळा दाढेशी दाबून झोपलो. सकाळी ठणका कमी होता, परंतु गालाच्या आतल्या बाजूला नखाएवढा पांढरा चट्टा पडला होता आणि पुढचे चार दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्ही वर्ज्य झाली. अर्क ओतून घेतलेल्या आइस्क्रीमच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या चमच्याकडे तेव्हा लक्ष गेले: त्याचा खोलगट भाग मऊ पडून धुरकट झाला होता. हे तेल काचेच्या, गडद रंगाच्या बाटलीतच का ठेवायचे, ते पुस्तकापेक्षा त्या चमच्याने मला नीट समजावले.

तेव्हा प्रमाण असे ठेवावे. साधारण 20 थेंबांचा एक मिली होतो. चहाच्या एका चमचाभर, म्हणजे 5 मिली, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात अर्काचा एकच थेंब मिसळला की ते एक टक्क्याचे मिश्रण होते. त्यात कापूस बुडवून, पिळून, तो फक्त दुखऱ्या दाढेला काही मिनिटे टेकवावा आणि तोंडात आलेली लाळ थुंकून टाकावी. अंगावर कुठे लावायचे असेल तर त्याच एका थेंबाला खोबरेल किंवा तिळाचे तेल दुप्पट घ्यावे आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. घरात फवारणे, डास पळवणे यांसाठीही लोक ते वापरतात. डासांना ते काही काळ दूर ठेवते हे खरे, मात्र त्यासाठी लागते तेवढे तीव्र तेल त्वचेला सोसत नाही.

बधिर झालेली दाढ बरी झालेली नसते. कीड आत पसरतच राहते, आणि गालाला सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल तर बाटली बाजूला ठेवून सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचा दंतवैद्य गाठावा. आपल्याकडे मशेरी आणि तंबाखूची सवय घराघरांत आहे, म्हणून आणखी एक सांगतो: दोन-तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण किंवा चट्टा लवंगेच्या तेलाने झाकत बसू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे तेल पोटात घेऊ नये, कारण युजेनॉलमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना आहे. एक-दोन चमचे, म्हणजे 5 ते 10 मिली अर्क प्यायल्याने लहान मुलांना झटके येऊन शुद्ध हरपल्याच्या आणि यकृत निकामी होऊ लागल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. यकृताला होणारी ही इजा पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेसारखी असते. असे झाल्यास उलटी करवण्याच्या खटपटीत वेळ न घालवता मुलाला आणि बाटलीला, दोघांनाही घेऊन रुग्णालयात जावे, म्हणजे डॉक्टरांना आत काय होते ते कळते. दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीवर हे तेल चोळण्याची पद्धत काही घरांत आहे, तीही सोडून द्यावी.

आमच्या घरातली बाटली आता देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातून उठून कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात गेली आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावून सौभाग्यवतींनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: चमचाभर तेलाला एक थेंब.