वजन कुठे टेकतं? व्हीआर हेडसेटचा पट्टा निवडताना

नमस्कार, श्रोतेहो.

आजचं बोलणं ज्यांच्या घरी व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायचं यंत्र आहे त्यांच्यासाठी. मुलांनी हट्टाने घ्यायला लावलेला असेल, परदेशातल्या भाच्याने येताना आणलेला असेल, किंवा स्वतःच हौसेने घेतलेला असेल. बऱ्याच घरांत पुढची गोष्ट सारखीच घडते. पहिल्या आठवड्यात सगळे रांगेत उभे राहून बघतात, मग हळूहळू हेडसेट कपाटात जातो. विचारलं तर उत्तर मिळतं, "छान आहे, पण डोकं दुखतं." कुणाच्या गालावर वळ उठतात, कुणाची मान आखडते. दोष हेडसेटला दिला जातो. माझं म्हणणं असं की पुष्कळदा दोष पट्ट्याचा असतो, आणि पट्टा बदलता येतो.

माझ्या कामात मला वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यावर हेडसेट बसवून द्यावा लागतो. तरुण, वयस्कर, चष्मेवाले, लांब केसांचे, टक्कल असलेले, सगळ्यांच्या. त्यातून पक्कं झालेलं एक मत आज तुमच्यापुढे मांडतो. पट्टा निवडताना 'हेडसेट किती ग्रॅमचा' हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न आहे, ते वजन डोक्यावर कुठे टेकतं?

थोडा हिशेब करू. मेटा, म्हणजे फेसबुकवाली कंपनी, हिचा क्वेस्ट 2 हा हेडसेट 2020 साली आला. सोबतच्या कापडी पट्ट्यासह त्याचं वजन 503 ग्रॅम. 2023 सालचा क्वेस्ट 3 आहे 515 ग्रॅमचा. अर्धा किलो म्हणजे काही फार नाही, असं वाटतं. पण हे अर्धा किलो डोळ्यांच्या पुढे लटकलेलं असतं. आपलं डोकं मानेच्या मणक्यावर जिथे तोललेलं असतं ती जागा साधारण दोन्ही कानांच्या मध्ये येते. हेडसेट तिथून बराच पुढे. मग डोकं पुढे कलायला बघतं आणि मानेच्या मागचे स्नायू त्याला सतत मागे ओढून धरतात. अर्ध्या तासाने मान का भरून येते, त्याचं कारण इथे आहे.

सोबत येणारा लवचीक पट्टा हे वजन कसं पेलतो? मुख्यतः आवळून. डोक्याच्या मागून ओढ घ्यायची आणि हेडसेट चेहऱ्यावर दाबून धरायचा. चेहऱ्यावरच्या दाबामुळे तो खाली घसरत नाही. घसरला की चित्र धूसर होतं, कारण भिंगाचा मधला भाग डोळ्यासमोरून हलतो. क्वेस्ट 2 आणि क्वेस्ट 3चा स्वस्त भाऊ क्वेस्ट 3एस यांच्यातली फ्रेनेल नावाची, वर्तुळाकार खाचांची भिंगं याबाबतीत फार काटेकोर आहेत, क्वेस्ट 3मधली पॅनकेक नावाची चपटी भिंगं जरा सवलत देतात. चित्र धूसर झालं की माणूस पट्टा आणखी आवळतो. आवळला की गालफडं दुखतात. खेळताना घाम आला की हेडसेट पुन्हा घसरतो, पुन्हा आवळायचा. हे चक्र मी रोज बघतो.

म्हणून नवा पट्टा मागवण्याआधी जुना नीट बसवून बघा. आत्ता हेडसेट हाताशी असेल तर ऐकता ऐकता करून बघा. सगळे पट्टे ढिले करा. आता डोक्याच्या मागे हात फिरवा. मानेच्या वर, मधोमध, कवटीला एक फुगवटा लागेल. मागचा पट्टा त्या फुगवट्याच्या खाली बसला पाहिजे. वर बसला तर तो सरकत सरकत डोक्यावर चढणार आणि पुढचं धूड खाली येणार. मागची बाजू आधी बसवा, मग हेडसेट चेहऱ्यावर आणा. आता डोक्यावरून जाणारा मधला वेल्क्रोचा पट्टा आधी घट्ट करा. बाजूचे पट्टे सगळ्यात शेवटी, आणि चित्र स्थिर राहील इतकेच. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. बाजूचे करकचून आवळतात आणि वरचा तसाच लोंबत ठेवतात.

एक साधी परीक्षा सांगतो. हेडसेट घातलेला असताना खालून दोन बोटांनी तो किंचित उचलून धरा. गालांना एकदम हायसं वाटलं तर समजा, वजन गालांवर होतं. वरचा पट्टा आणखी थोडा ओढा.

एवढं करूनही त्रास होत असेल, तर मात्र पट्टा बदलायला हवा. बाजारात मुख्यतः दोन धाटणीचे पट्टे मिळतात.

पहिला म्हणजे कठीण प्लॅस्टिकच्या दोन बाहूंचा, मागे गादी आणि फिरवायची चकती असलेला. चकती फिरवली की कट कट आवाज करत पट्टा आत येतो. मेटा त्याला एलिट स्ट्रॅप म्हणतं, इतर कंपन्यांचेही असेच मिळतात. मागची गादी त्या फुगवट्याखाली पकड घेते, त्यामुळे हेडसेट हलत नाही. काढा-घालायला सोपा, घरात चार जण वापरत असतील तर फार सोयीचा. पण ध्यानात ठेवा, यातही पुढचं टेकण चेहऱ्यावरच राहतं. ज्यांचे गाल दुखतात त्यांना यातून अर्धाच आराम मिळेल.

दुसरा म्हणजे कपाळपट्टीचा, ज्याला हेलो म्हणतात. डोक्याभोवती एक कडं, पुढे कपाळावर रुंद गादी, मागे चकती. हेडसेट त्या कड्याला पुढून टांगलेला. सोनीने 2016 साली प्लेस्टेशन व्हीआर आणला तो याच पद्धतीचा, आणि 600 ग्रॅमहून जास्त वजन असूनही तो गालांना टोचायचा नाही. डोक्यावर घागर घेताना आपल्याकडच्या बायका आधी चुंबळ ठेवतात, तसंच काम ती कपाळावरची गादी करते. वजन हलकं होत नाही, पण नीट पसरतं आणि हाड ते सोसतं. क्वेस्टसाठी या पद्धतीचे पट्टे बोबोव्हीआर आणि इतर काही कंपन्या करतात. गाल आणि नाक दुखणाऱ्यांना मी डोळे मिटून हाच सुचवतो. चष्मेवाल्यांनाही, कारण चष्म्याच्या काड्यांवरचा दाब कमी होतो. काही लोक तर यावर चेहऱ्याचा फोम काढूनच टाकतात. वारा लागतो, घाम कमी येतो, पण कडेने उजेड आत शिरतो. तसा वापर करणार असाल तर एक सांगतो: भिंगांवर ऊन पडू देऊ नका. हेडसेट खिडकीपाशी ठेवला आणि भिंगांतून ऊन आत गेलं, तर आतला पडदा कायमचा जळतो.

आता वळू मागच्या बॅटरीकडे, कारण दुकानदाराचा भर तिच्यावर असतो. पट्ट्याच्या मागे बॅटरी लावलेली असते. खेळ जास्त वेळ चालतो आणि तोलही साधतो, असं सांगतात. दोन्ही खरं आहे, पण मोजून घ्या. समजा पुढचं वजन 400 ग्रॅम आहे आणि ते मानेच्या सांध्यापासून 12 सेंटीमीटर पुढे आहे. वजन गुणिले अंतर, म्हणजे पुढची ओढ झाली 4800. मागे 200 ग्रॅमची बॅटरी, 10 सेंटीमीटर अंतरावर. मागची ओढ 2000. म्हणजे पुढची ओढ 2800 उरली, बरीच कमी झाली. पण मानेवरचं एकूण वजन 200 ग्रॅमने वाढलं. बसून सिनेमा बघणाऱ्याला, शांतपणे काम करणाऱ्याला हा सौदा उत्तम. उड्या मारत, गर्रकन माना वळवत खेळणाऱ्याला मात्र ते वाढीव वजन प्रत्येक झटक्याला जाणवतं. त्याने हलका पट्टा घ्यावा.

वजन वाढवून आराम मिळतो हे कुणाला पटत नसेल, तर ॲपलचं उदाहरण बघा. त्यांचा व्हिजन प्रो हा हेडसेट 2024 साली आला, 600 ते 650 ग्रॅमचा, बॅटरी तर वेगळी खिशात ठेवायची. तरीही तो पुढे जड आहे अशी तक्रार राहिलीच. 2025 च्या नव्या व्हिजन प्रोसोबत जो पट्टा दिला, त्याच्या खालच्या भागात कंपनीने मुद्दाम टंगस्टन हा जड धातू घातला. वजन पाऊण किलोच्या घरात गेलं, तरी तोल सुधारावा म्हणून. या क्षेत्राच्या सुरुवातीलाच ही अडचण होती. 1968 च्या सुमारास हार्वर्डमध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा बनवला, तो छताला टांगलेल्या दांड्याला जोडलेला होता.

एक प्रसंग सांगतो. नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला सरावासाठी हेडसेट घालून द्यायचा होता. दर दोन मिनिटांनी तो नाकावर यायचा. चकती फिरवून फिरवून थकलो. मग बघितलं, तर तिचा अंबाडा नेमका त्या फुगवट्यावर, मागची गादी टेकणार कुठे? अंबाडा सोडून खाली सैल वेणी घातली, गादी केसांखाली गेली आणि पुढचा पाऊण तास तिने हेडसेटला हात लावला नाही. तेव्हा लांब केस असतील तर मागची गादी दुभंगलेली किंवा मधे मोकळी जागा असलेली बघा, वेणी त्यातून जाते. आणि डोक्याला खोबरेल लावत असाल तर गादीवर धुता येणारं कापडी आवरण घाला. कृत्रिम चामडं तेलाने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने सोलवटतं, कोकणात तर फोमला बुरशीही लागते.

झोपून बघायची सवय असेल, तर मागे कठीण गादी किंवा बॅटरी असलेला पट्टा घेऊच नका. उशीवर डोकं टेकणार नाही. तुमच्यासाठी जुना कापडी पट्टाच बरा. उंच पाठीच्या खुर्चीत बसणाऱ्यांनीही हे बघावं.

लहान मुलांचं थोडं वेगळं आहे. मेटाने 2023 साली वयाची अट 13 वरून 10 वर आणली, पण पट्टे मोठ्यांच्या डोक्याच्या मापाचेच असतात. चकती शेवटपर्यंत फिरवूनही ढिलाच राहत असेल, तर तो पट्टा त्या मुलासाठी नाही. मागे फडकी कोंबून तो बसवू नका.

खरेदी करताना पहिलं बघायचं ते मॉडेल. क्वेस्ट 2 चा पट्टा क्वेस्ट 3 ला बसत नाही. क्वेस्ट 3 चा मात्र 3एसला बसतो. मग बाजूच्या बाहूंकडे बघा. क्वेस्टचे स्पीकर या बाहूंमध्येच आहेत, त्यांच्या फटी नव्या पट्ट्याने झाकल्या तर आवाज दबतो. बॅटरीची वायर डाव्या बाजूला पोचते ना, तेही पाहा. आणि सांधा तपासा, म्हणजे बाहू जिथे वाकतो ती जागा. क्वेस्ट 2 च्या एलिट पट्ट्याला तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीला नोव्हेंबर 2020 मध्ये त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली होती. हेडसेट एका बाहूला धरून उचलू नका. पट्टा आधी चकतीने ढिला करा, मगच डोक्यावरून काढा.

त्वचेला लागणाऱ्या भागाबाबत हयगय नको. 2021 च्या जुलैमध्ये क्वेस्ट 2 च्या चेहऱ्यावरच्या फोममुळे पुरळ येतं म्हणून एकट्या अमेरिकेत सुमारे 40 लाख फोम परत घेण्याची घोषणा झाली आणि लोकांना सिलिकॉनची आवरणं मोफत दिली गेली. नवी गादी आली की पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटंच वापरा, कपाळ बघा, मग वाढवा. वळ थोड्या वेळात जातात. खाज आणि लाली दुसऱ्या दिवशीही राहिली, तर ती गादी बदला.

आणि अमेरिकेहून, दुबईहून कुणाकडून बॅटरीवाला पट्टा मागवत असाल, तर त्यांना आधीच सांगून ठेवा. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच आणावी लागते. 10000 एमएएचची बॅटरी साधारण 37 वॉट-अवरची भरते, म्हणजे विमानातल्या 100 च्या मर्यादेत आरामात बसते. फक्त तिच्यावर तो आकडा स्पष्ट छापलेला असावा. छापलेलाच नसेल, तर तसली बॅटरी डोक्यामागे बांधायलाही घेऊ नका.