स्वस्तातला अल्टरनेटर खोलून बघू

पुण्याची नाना पेठ घ्या नाहीतर दिल्लीचं काश्मिरी गेट, गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं की दुकानदार अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवतो, बॅटरी चार्ज करतो तो) काउंटरवर आणून ठेवतो, आणि शोरूमपेक्षा इतका स्वस्त की माणूस पुढे काही विचारतच नाही.

हा एक खोललाय, बघा. बाहेरून चकाचक, सिल्व्हर पेंट, स्टिकरवर ९० अँपिअर. आता रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढून त्याच्या स्लिप रिंगवर, म्हणजे कार्बन घासतात त्या कड्यांवर, नख फिरवा, खाच लागते ना, ती जुन्या कार्बनने पाडलीये, म्हणजे भंगारातला पीस उचलला, नवे कार्बन आणि बेअरिंग टाकले, झाला नवा!

आणि ते ९० अँपिअर? हा आकडा जास्त आरपीएमचा, म्हणजे जोरात फिरतानाचा असतो, ओरिजिनलचा पण, सिग्नलला गाडी आयडलवर असताना निम्मे मिळाले तरी खूप. त्यात वाइंडिंगमध्ये (तारेच्या गुंडाळीत) तांबं कमी घातलेलं असेल तर पावसात वायपर, हेडलाइट, एसी सगळं एकदम चालू झालं की चार्जिंग पुरत नाही, बॅटरी उतरत जाते आणि शिव्याही तीच खाते. लोक सरळ बॅटरी बदलतात.

डायोडचं, म्हणजे अल्टरनेटरचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करतात त्यांचं, अजून वाईट. साधारण सहा तरी असतात, एखादा गेला तरी चार्जिंग कमी-कमी का होईना चालू राहतं, कधीकधी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही लागत नाही. लीक असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी डाऊन. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर बॅटरीला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की डायोडवर संशय घ्यायचा. डीसीला १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. फक्त बऱ्याच नव्या गाड्यांत व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो, तिथे ओरिजिनल पण मध्येच १२.८ दाखवतो, आणि लोकल पीसचं सॉकेट बसलं तरी त्याचा रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) ईसीयूचं ऐकेलच असं नाही, मग दिवा लागून राहतो.

जुन्या सुमो, बोलेरोवाल्यांनी तर जास्तच सांभाळा, तिथे अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप असतो, तो खराब निघाला तर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. घाटात हे नको रे बाबा.

माझं विचाराल तर आधी आपलाच ओरिजिनल चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून खोलून घ्या, बऱ्याचदा कार्बन नाहीतर रेग्युलेटर एवढंच गेलेलं असतं. नवा घ्यावाच लागला तर जुना लगेच दुकानात जमा करू नका, एक-दोन रात्री एसी-हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये फिरा, मीटर लावून बघा, मग द्या.