अमेंडमेंट म्हणजे नक्की काय?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात विटांची एक जुनी इमारत आहे, इंडिपेंडन्स हॉल. 4 जुलै 1776 ला 13 वसाहतींच्या प्रतिनिधींनी इथेच स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला, म्हणजे इंग्लंडच्या राजाला सांगून टाकलं की आता तुमचा आमचा संबंध संपला. आणि 1787 च्या उन्हाळ्यात याच इमारतीत अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली, तेही खिडक्या बंद करून, कारण आतलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं.

कारभाराचे भाग तीन. कायदे करते ती काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, तिची सभागृहं दोन, सिनेटमधे प्रत्येक राज्याचे 2 असे 100 जण आणि हाऊसमधे लोकसंख्येप्रमाणे 435. कायदे राबवतो राष्ट्राध्यक्ष, एखादं बिल पटलं नाही तर तो व्हेटो वापरून परत पाठवतो, पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली की तरीही कायदा होतो. आणि कायदा घटनेत बसतो का ते बघतं सुप्रीम कोर्ट.

पण मुलांनो, एक शब्द मात्र नीट समजून घ्या, अमेंडमेंट, म्हणजे घटनादुरुस्ती. घटनेची सुरुवात 'आम्ही लोक' अशी आहे, आणि ती लिहिली तेव्हा लाखो माणसं गुलाम होती, हाऊसच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशोब धरलेला, हे ऐकून राग आला तर येऊ द्या. गुलामीवरून यादवी युद्ध झालं आणि 1865 मधे 13 व्या दुरुस्तीने गुलामी बंद झाली. महात्मा फुल्यांनी 1873 मधे 'गुलामगिरी' हे पुस्तक ज्यांना अर्पण केलं ते गुलामी मोडणारे हेच अमेरिकन लोक.

बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला 19 व्या दुरुस्तीने, 1920 मधे. दुरुस्ती काँग्रेसने पास करून भागत नाही, तीन चतुर्थांश राज्यांनीही हो म्हणावं लागतं, तेव्हा राज्यं 48, हवी होती 36, पस्तिसांवर गाडी अडली आणि पाळी आली टेनेसीची. तिथला 24 वर्षांचा आमदार हॅरी बर्न, कोटाला लाल गुलाब लावलेला, म्हणजे विरोधकांची खूण, पण खिशात आईचं पत्र, बायकांच्या बाजूने मत दे म्हणून. 18 ऑगस्टला त्याचं नाव पुकारलं आणि तो हो म्हणाला! दुरुस्ती थोडक्यात पास झाली.

काळ्या लोकांचं मात्र तसं झालं नाही. काळ्या पुरुषांना 1870 पासून कागदावर हक्क होता, पण दक्षिणेतल्या राज्यांनी मतदानावर टॅक्स लावला, लिहिण्यावाचण्याच्या परीक्षा लावल्या, माणसं मारली सुद्धा, शेवटी 1965 चा व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट, म्हणजे मतदानाच्या हक्काचा कायदा आला तेव्हा कुठे रस्ता मोकळा व्हायला लागला.

आजवर दुरुस्त्या झाल्यात 27. शेवटची खासदारांच्या पगाराची, की वाढ ठरवली तरी ती पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होणार. ही मांडलेली 1789 मधे, आणि तशीच पडून राहिलेली. 1982 मधे टेक्सासच्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्याने कॉलेजात तिच्यावर निबंध लिहिला, ती अजूनही मान्य होऊ शकते म्हणाला, तर ग्रेड मिळाली सी. त्याने राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं पाठवायला सुरुवात केली, आणि 1992 मधे दुरुस्ती खरंच मान्य झाली. 2017 मधे युनिव्हर्सिटीने त्याची ग्रेड बदलून ए केली.